शहाण्या मुलाची धास्ती

भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढताना मुले मोजत जातात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. गेल्या डिसेंबरात सहावीचा वर्ग घेऊन आम्ही गेलो, तेव्हाही तसेच झाले. मळवलीला लोकलमधून उतरायचे, द्रुतगती मार्ग ओलांडायचा, भातकापणी झालेल्या खाचरांच्या कडेने गावात शिरायचे आणि मग डोंगर. पावसाळ्यात इथे धबधब्याखाली पर्यटकांची एवढी गर्दी असते की शाळेची सहल आणणे नको वाटते. डिसेंबरात मात्र लेणी जवळजवळ आपलीच असतात.

एकूण २२ लेण्यांतले बाराव्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत मोठे. सव्वादोन हजार वर्षांच्या आसपासचे. आत गेल्यावर एका मुलाने विचारले, "बाई, हे खांब वाकडे का?" खांब खरोखरच सरळ नाहीत, वर जाताना आत कललेले आहेत. त्याचे कारण आम्हांला ठाऊक होते. ही लेणी कोरली गेली त्याआधी अशी सभागृहे लाकडाची बांधत. लाकडी छताचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून खांब आधीच आत कलते रोवावे लागत. डोंगर कोरून जागा केली तर खांबावर तसा भार येतच नाही. पण कोरणाऱ्यांचा हात लाकडाच्या घरांवर बसलेला होता, म्हणून दगडातही त्यांनी खांब कलतेच ठेवले. छताला तर खऱ्या लाकडाच्या कमानीसुद्धा बसवल्या आणि त्यातल्या कितीतरी आजही तिथे आहेत.

हे सांगून आम्ही मुलांना चित्र काढायला बसवले. खांबांचा प्रश्न विचारणारा मुलगा वर्गातला सर्वांत नीटनेटका. वहीला कव्हर, कव्हरवर लेबल, लेबलावर सुरेख अक्षर. त्याने खांब बरोबर कलते काढले. मग शेजारच्या मुलाच्या चित्रातले खांब सरळ दिसले आणि त्याने आपले खोडले. पुन्हा काढले, पुन्हा खोडले. पाचव्या-सहाव्या वेळी कागद फाटला. आम्ही जवळ गेलो तेव्हा तो फाटलेली जागा तळहाताने झाकून बसला होता. म्हणाला, "बाई, घरी सांगू नका."

चित्राचा कागद फाटला, यात घरी सांगण्यासारखे काय आहे? हा प्रश्न घेऊन आम्ही पुढच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. मावळातले एक लहान गाव. नाव लिहीत नाही. वडील टेम्पो चालवतात, आई घर आणि शिवणयंत्र सांभाळते, दादी आहे, थोरली बहीण दहावीला. घरात शिवीगाळ नाही, व्यसन नाही. वडील म्हणाले, "मॅडम, मी आजपर्यंत पोरावर हात उचललेला नाही." आम्हांला ते खरे वाटले, आजही वाटते. दादीने कौतुकाने सांगितले, "वजूला अर्धा अर्धा तास लावतो. एवढ्या वयात असा अल्लाहवाला पोर कुणाला मिळतो?" आई त्यावर काही बोलली नाही. निघताना दारापर्यंत सोडायला आली, तेव्हा हळूच म्हणाली, "हात फुटलेत त्याचे. पाणी बंद केलं तर रडतो. सारखं विचारतो, अम्मी, कोपर भिजलं का, नक्की भिजलं का?"

आणि त्याआधी चहा घेताना वडील जे बोलले होते, ते असे: "गावात आपली चार घरं. आपल्याकडे कुणी बोट दाखवायला नको, एवढंच मी त्याला सांगतो. दुसऱ्याचा पोरगा चुकला तर पोरगा चुकला म्हणतात. आपला चुकला तर..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. आम्ही मान डोलावली. आमच्या वडिलांनीही आम्हांला हेच सांगून वाढवले होते.

बी.एड.ला असताना आम्ही फ्रॉइड पाठ केला होता. इदम्, अहम्, पराहम्; पाच गुणांची टीप. परीक्षा झाली आणि विसरलो. या मुलामुळे ती पुस्तके पुन्हा काढली, आणखी काही मिळवून वाचली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत. आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही, शिक्षक आहोत, हे ध्यानात ठेवून वाचावे.

व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी मनोविश्लेषणाचा पाया घातला. त्यांचे मूळ म्हणणे साधे आहे. ज्या आजारात शरीरात काही बिघाड सापडत नाही, माणूस वेडाही नसतो, स्वतःची अडचण त्याला कळत असते, तरी भीती, शंका, पुन्हा पुन्हा तेच करणे त्याच्याने थांबत नाही, त्याला न्यूरोसिस म्हणत. मराठी पाठ्यपुस्तकांत मज्जाविकृती असा शब्द आहे. फ्रॉइड म्हणाले, अशा लक्षणाला अर्थ असतो. लहानपणी जे वाटले पण वाटून घेता आले नाही, ते मनाच्या तळाशी ढकलले जाते आणि दुसऱ्याच रूपाने वर येते. १९०९ मध्ये त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. लहान हान्स म्हणून ती प्रसिद्ध आहे. हान्सला घोडा चावेल अशी भीती वाटे, म्हणून तो रस्त्यावर जायला तयार नसे. फ्रॉइडच्या मते ती भीती मुळात वडिलांची होती. वडील क्रूर नव्हते. उलट हान्सचे त्यांच्यावर फार प्रेम होते. ज्याच्यावर एवढे प्रेम त्याचाच राग आणि त्याचीच भीती, हे पाच वर्षांच्या जिवाला पेलेना. घोड्याची भीती त्यापेक्षा सोपी. घरात बसले की सुटका.

फ्रॉइडच्या सगळ्या गोष्टी पटण्यासारख्या नाहीत. धर्माला त्यांनी भ्रम म्हटले, ते आम्ही मानत नाही. १९०७ मध्ये त्यांनी एक निबंध लिहून धार्मिक विधी आणि रुग्णांच्या पुन्हा पुन्हा धुण्यासारख्या कृती यांची तुलना केली. वाचताना आधी राग आला. मग लक्षात आले की आपल्याकडे या दोन्हींतला फरक ओळखणारा शब्द शतकानुशतके घराघरांत आहे: वसवसा. वजूत अवयव तीन वेळा धुवायचा, चौथ्यांदा धुण्याबद्दल हदीसमध्ये स्पष्ट नापसंती आहे. म्हणजे इबादतीला शेवट आहे. वसवशाला तो नाही. दहाव्या शतकात बल्खचे अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात राग, भीती, उदासी यांच्या जोडीला वसवशाचाही स्वतंत्र विचार आहे, आणि तो रोगाचा विचार आहे, पापाचा नाही. ९३४ साली वारलेल्या या विद्वानाची ही ओळख आमच्या पिढीला इंग्रजी लेखांतून व्हावी, हे थोडे लाजिरवाणेच.

पण मग एक अडचण उरते. व्हिएन्नाच्या एका घरातले निष्कर्ष मावळातल्या घराला कसे लागू होतील? हा प्रश्न फ्रॉइडच्या हयातीतच विचारला गेला. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की हे अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. तिथे मुलाला वळण लावण्याचा, रागावण्याचा अधिकार मामाचा. बाप हा खेळणारा, लाड करणारा मित्र. मॅलिनोव्स्कींनी १९२७ च्या पुस्तकात लिहिले की तिथल्या मुलांच्या मनात बापाविषयी तो दबलेला राग सापडत नाही. तो मामाविषयी सापडतो. आमच्या वर्गात हे सांगितले तर मुले हसतील. आपल्याकडे मामा म्हणजे सुट्टी, आंबे आणि खर्चायला दहा रुपये. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. त्यांनीही फ्रॉइडना पत्रातून कळवले की युरोपीय रुग्णांत जी भीती ठळक दिसते, ती माझ्या भारतीय रुग्णांत तेवढी दिसत नाही. फ्रॉइडनी ते सभ्यपणे वाचले आणि आपल्या मतावर कायम राहिले.

आमच्या मुलाच्या जवळ आम्हांला ज्या लेखिकेने नेले, तिचे नाव करेन हॉर्नाय. जन्म १८८५, जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळ. वडील जहाजाचे कप्तान, कडक आणि धर्मनिष्ठ. मुलींनी डॉक्टर होण्याची पद्धत नव्हती त्या काळात ती डॉक्टर झाली, बर्लिनमध्ये मनोविश्लेषक झाली आणि १९३२ मध्ये अमेरिकेला गेली. तिथे तिला दिसले की बर्लिनच्या आणि अमेरिकेच्या रुग्णांची दुखणी एकसारखी नाहीत. माणसाची शरीररचना तीच, मग दुखणे का बदलले? समाज बदलला म्हणून. १९३७ च्या आपल्या पुस्तकात तिने हे मांडले आणि फ्रॉइडच्या अनुयायांशी तिचे बिनसले; १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या संस्थेने तिचा प्रशिक्षण देण्याचा अधिकार काढला, तेव्हा ती बाहेर पडली.

हॉर्नायच्या मते न्यूरोसिसच्या तळाशी एक धास्ती असते. या मोठ्या जगात आपण लहान आहोत, एकटे आहोत आणि जग आपल्यावर टपलेले आहे, ही ती धास्ती. ती मारामुळेच येते असे नाही. कडक घरात वाढलेली कितीतरी मुले निरोगी निघतात, कारण आपण हवेसे आहोत हे त्यांना पक्के ठाऊक असते. धास्ती येते ती या खात्रीत फट पडली की. मूल चिडते, रुसते, त्याला राग येतो, ते स्वाभाविक. पण काही घरांत त्याला तो राग गिळावा लागतो. का गिळतो, याची तिने चार कारणे दिली आहेत. मला तुमची गरज आहे म्हणून. मला तुमची भीती वाटते म्हणून. रागावलो तर तुमचे प्रेम जाईल म्हणून. आणि रागावणे हाच गुन्हा आहे असे मला शिकवले म्हणून. गिळलेला राग नाहीसा होत नाही. मुलाला तो आपल्या आत दिसण्याऐवजी बाहेर, जगात दिसू लागतो: सगळे माझी चूक शोधत आहेत.

ही चार कारणे वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. त्या मुलाच्या बाबतीत दुसरे कारण नव्हते. बाकीची तिन्ही होती. हात न उचलणाऱ्या, टेम्पो चालवून चालवून थकणाऱ्या बापावर रागवायचे तरी कसे? ज्याच्या चुकीने फक्त त्याचीच नव्हे, चारही घरांची मान खाली जाणार आहे, त्याने चुकायचे तरी कधी?

इथे संस्कृतीचा भाग येतो, आणि आमच्या मते तो फ्रॉइडने पाहिला त्याहून अधिक अवघड आहे. धास्ती कुठल्याही घरात येऊ शकते. पण ती कोणते कपडे घालून वावरेल हे त्या घराची रीत ठरवते. कुठे ती सोवळे-ओवळे होते, कुठे वजू, कुठे दहावीचे गुण, कुठे दाराचे कुलूप तीनदा ओढून पाहणे. काही कपडे असे असतात की ते पाहून लोक वाहवा करतात. कुलूप ओढणाऱ्याला घरचे निदान हसतात तरी, तो स्वतःही हसतो, कधीतरी डॉक्टरकडे जातो. वजूला अर्धा तास लावणाऱ्या मुलाचे कौतुक होते. खोडून खोडून वही सुंदर करणाऱ्याची वही आम्ही शिक्षक वर्गभर फिरवतो. आम्ही फिरवली होती. त्या मुलाची वही आम्ही तीन वेळा वर्गात दाखवली, शिवाय 'तुझी बहीणही अशीच होती' हे वर सांगितले. घरी सांगू नका, असे तो आम्हांला म्हणाला त्यात आमचा वाटा किती, याचा हिशेब आम्ही अजून करत आहोत.

महाराष्ट्रात या विषयावर बोलायचे आणि श्यामला वगळायचे हे शक्य नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ मध्ये ते छापले गेले. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांनाही श्याम ठाऊक असतो. आम्ही तो उर्दू माध्यमाच्या मुलांना तोंडी सांगितला आहे आणि कोणत्याही अम्मीची गोष्ट ऐकावी तशी त्यांनी ती ऐकली आहे. त्यात एक प्रसंग पोहण्याचा आहे. श्याम विहिरीत उतरायला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि पोहायला पाठवते. नंतर पाठीवरचे वळ पाहून तिचाच जीव कळवळतो. ती तेल लावते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, म्हणून तिने हे केले. दुसरा प्रसंग त्याहून प्रसिद्ध. न्हाऊन निघालेल्या श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून ती दगडावर आपला पदर पसरते, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे सांगते.

मार आणि पदर, दोन्हींत एकच आई आहे. वर्गात आम्ही हे पाठ संस्कार म्हणूनच शिकवत आलो. मनोविश्लेषणाच्या नजरेने पुन्हा वाचल्यावर दिसते की त्या पदरात किती ओझे आहे. ज्या मुलासाठी आई स्वतःचा पदर मातीत घालते, त्याला मन मळवण्याची मुभा आयुष्यात कधी मिळणार? गरिबी, कर्जात बुडालेले घर, अपमान सोसणारी आई, आणि तिच्या अखेरच्या वेळी जवळ नसलेला मुलगा. १९१७ मध्ये आई गेली तेव्हा साने सतरा वर्षांचे होते.

पुढचे साने गुरुजी महाराष्ट्राला माहीत आहेत. अमळनेरच्या वसतिगृहात मुलांच्या खोल्या न सांगता झाडून ठेवणारे शिक्षक. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले. गांधीजींच्या हत्येनंतर २१ दिवसांचे उपोषण केले. 'इस्लामी संस्कृती' लिहिणारेही तेच. आपल्या वाचकांनी ते पुस्तक शोधून वाचावे. समाजाचा दोष आपल्या देहावर घेऊन फेडण्याची त्यांची रीत होती. ११ जून १९५० रोजी झोपेच्या गोळ्या घेऊन त्यांनी जीवन संपवले. वय अवघे पन्नास.

यावरून कुणी सरळ रेषा ओढली, की आईच्या अशा संस्कारांमुळे असा शेवट झाला, तर आम्ही ती मान्य करणार नाही. गेलेल्या माणसाचे निदान पुस्तकावरून करणे हे शास्त्रही नाही आणि सभ्यपणाही नाही. त्याच बालपणाने त्यांना पंढरपूरच्या दारात बसण्याचे बळ दिले. आमचे म्हणणे एवढेच आहे की त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याला सगळ्या महाराष्ट्राने मातृहृदय म्हणून हात जोडले. त्या पाण्याचा त्यांना स्वतःला किती त्रास होतो, हे फार थोड्यांनी विचारले असेल.

एरिक एरिक्सन या अमेरिकी मनोविश्लेषकाने गांधीजींचे आयुष्य असेच बालपणापासून वाचण्याचा प्रयत्न केला; १९६९ मध्ये ते पुस्तक निघाले. त्याच कामासाठी ते अहमदाबादला आले असता एका तरुण इंजिनियरची त्यांच्याशी ओळख झाली आणि त्याने इंजिनियरी सोडली. ते सुधीर कक्कर. शेवटची बरीच वर्षे ते गोव्यात बाणावलीला राहत होते. एप्रिल २०२४ मध्ये वारले. १९७८ च्या पुस्तकात कक्करांनी भारतीय मुलाच्या बालपणाचे चित्र काढले आहे. चार-पाच वर्षांपर्यंत मूल आईच्या कुशीत, मागेल ते मिळते, नकार जवळजवळ नाही. मग एके दिवशी अचानक त्याला पुरुषांच्या, शिस्तीच्या, मोठ्या कुटुंबाच्या जगात ढकलले जाते. आता तू मोठा झालास. का मोठा झालो आणि काय चुकले, हे त्याला कळत नाही. हरवलेल्या त्या स्वर्गाची हुरहूर त्याला जन्मभर पुरते, असे कक्कर म्हणतात.

आपल्या घरांत हे चित्र अनोळखी वाटणार नाही. पण त्यात आपले घर पूर्ण मावत नाही, हेही खरे. कक्करांचे ते पुस्तक प्रामुख्याने हिंदू घरांवर, हिंदू पुराणकथांवर उभे आहे. बाप आखातात, महिन्याला पैसे आणि रात्री व्हिडिओ कॉल, आईच बाप आणि आईच आई, अशी कोकणातली कितीतरी मुस्लिम घरे आहेत; तिथे पुरुषांचे ते जग कुठले? १९९० च्या दंगलीनंतर कक्करांनी हैदराबादेत हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही वस्त्यांत जाऊन अभ्यास केला. मोठ्यांच्या मनातली भीती आणि गेलेल्या वैभवाची खंत गोष्टींतून मुलांपर्यंत कशी उतरते, हे त्यात आहे. पण दंगल कधीच न झालेल्या, शेजारधर्म शाबूत असलेल्या मावळी गावात 'आपली चार घरं' एवढ्या शब्दांनीही तेच काम होते, हे आम्ही त्या दिवशी चहा घेताना पाहिले. गाव त्यांना चांगले वागवते. सरपंच ईदला शिरखुर्म्याला येतात. वडिलांनाही ते मान्य आहे. धास्ती त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती, आणि त्यांनी ती जपून, प्रेमाने, जशीच्या तशी मुलाच्या हाती दिली.

आता पुढे काय झाले ते सांगतो.

त्या मुलाला पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यासाठी दोन महिने गेले. दादीला आधी वाटले आम्ही नमाज सोडवायला निघालो आहोत. मशिदीच्या इमामसाहेबांशी आम्ही बोललो. ते स्वतः घरी आले आणि दादीसमोर मुलाला म्हणाले, तीनदा झाले की वजू झाला, शंका आली तरी झाला, पुन्हा केलास तर मी रागावेन. एवढ्या एका वाक्याने जे झाले ते आमच्या चार पुस्तकांनी झाले नसते.

तज्ज्ञांनी सांगितलेली एक गोष्ट पालकांनी जरूर लक्षात घ्यावी. वसवशावर आज मनोविश्लेषण हा पहिला उपचार मानत नाहीत. बालपण कुठे अडकले हे समजायला ते उपयोगी पडते. पण हात धुणे थांबवायला वर्तनोपचार लागतो. थोड्या थोड्या पायऱ्यांनी शंका येऊ द्यायची आणि तरीही पुन्हा धुवायचे नाही, याचा सराव. काहींना औषधही लागते. घरच्यांनी 'हो, भिजलं कोपर' असे दहा वेळा सांगून धीर देणे चांगले वाटते, पण त्याने शंका वाढते. आईला हे सर्वांत जड गेले. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, तिथे मराठीत बोलता येते. नाव सांगायला लाज वाटत असेल त्यांनी निदान तिथे फोन करावा.

शाळेत आम्ही काय केले? वही फिरवणे बंद केले, सर्वांचीच. त्याला खोडरबर न वापरता पेनने लिहायला दिले. पहिल्या आठवड्यात त्याने तीन ओळी लिहिल्या आणि रडला. दुसऱ्या आठवड्यात पान भरले. तज्ज्ञांनी त्याला रोज एक चूक मुद्दाम करायला सांगितली होती, ती तो इतक्या विचारपूर्वक करायचा की आम्हांला हसू यायचे. एकदा त्यालाही आले.

वडिलांना आम्ही एक गोष्ट सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या नातवाचा, हसनचा, मुका घेत होते. तिथे बसलेले अकरा बिन हाबिस म्हणाले, मला दहा मुले आहेत, मी कधी एकाचाही मुका घेतला नाही. प्रेषितांनी त्यांच्याकडे पाहिले आणि जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. ही हदीस वडिलांना ठाऊक होती. ते म्हणाले, "मी तर घेतो मुका, मॅडम." खरेच घेतात. म्हणून तर हे प्रकरण अवघड होते.

उर्दूत आम्ही तरबियत म्हणतो, मराठीत संस्कार. तरबियतच्या मुळाशी अरबीत वाढणे, वाढवणे असा अर्थ आहे. संस्काराच्या मुळाशी घडवणे, शुद्ध करणे. शिकवताना आम्ही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरत होतो. आता वापरताना जरा थांबतो.

एप्रिलमध्ये पुन्हा त्यांच्या घरी गेलो. वजू आता पाच मिनिटांवर आला आहे. परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा वीसवर गेला होता. हाताची कातडी भरून आली आहे. भाजे लेण्यांचे चित्र त्याने पेनने काढून दाराजवळ चिकटवले होते. खांब कलते आणि एका ठिकाणी शाई सांडलेली. दादीने ते चित्र आम्हांला तीनदा दाखवले.

वडील सोडायला रस्त्यापर्यंत आले. टेम्पोला टेकून म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणता ते कळतं. पण चार घरं आहेत ती आहेतच ना? उद्या तो पुण्याला जाईल, नोकरी शोधेल, भाड्याने खोली शोधेल. तेव्हा त्याची एक चूक दोन चुका धरतील. मग आज त्याला काय सांगू? सांभाळून राहू नकोस?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. मळवलीची लोकल गाठायची होती, म्हणून निघालो. गाडीतही तोच प्रश्न डोक्यात होता.